अकराचे तेरा

रात्री दोन वाजून दहा. हेमराजचा फोन.
"भाऊ, काटा अजून अकराच दाखवून राहिला ना जी.
हमाल बसले इथं पावत्या धरून."

कळमना. मृग बहाराच्या शेवटच्या गाड्या.
बारा वाजल्यापासून हमाली क्विंटलला तेरा,
असं ठरलं होतं, सह्या झाल्या होत्या,
आणि तो तेरा मीच घातला होता संध्याकाळी,
चहावर साय धरेपर्यंत तपासून.

प्रताप नगरात माझी खोली. कूलरला नव्या ताट्या,
ओल्या वाळ्याचा वास. मधेच पंप कोरडा पडतो
आणि घसा खरवडल्यासारखा ओरडतो.

फंक्शन ही अशीच भाड्याची खोली.
बाहेर अंगणात काय मांडून ठेवलंय, तिला दिसत नाही.
हवं असेल तर उंबऱ्यावरून मागायचं:
ग्लोबल, हमाली.
मग ते आत येतं.
म्हणजे त्याचं नाव येतं, हातात दोरी धरून,
दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या आकड्याला.
(झिरो माईलचा दगड इथे उदाहरणाला बरा होता,
पण या शहरात प्रत्येक क्लासवाला तोच देतो.)

आत आलेल्या त्या नावाला मी म्हणालो होतो,
आता तू नव्या दराकडे बघ.
मधे एक अँपरसँड टाकला,
मांडी घालून बसलेला इवलासा माणूस.
नावानं ऐकलं. जुनी दोरी सोडली, नवी धरली.
आतल्या आत छापून पाहिलं: तेरा.
खूश होऊन तर्री-पोहे खायला गेलो.

बाहेर अकरा जागचा हलला नव्हता.
त्याला कोणी हातच लावला नव्हता.
नाव वळवणं वेगळं, आकडा बदलणं वेगळं,
हे मी पोरांना शिकवलंय,
फी घेऊन.

फाईलच्या डोक्यावर नंदेश्वर सरांची ओळ,
रोमन अक्षरांत मराठी:
यावर सगळं उभं आहे बाबू, हळू.
त्यांचा नंबर माझ्या फोनात तीनदा आहे.
नंदेश्वर सर. काटावाले सर. सर नवीन.
तिन्ही नावं त्याच दहा आकड्यांवर.
गेल्या दिवाळीत लावला तर गोंदियाची एक बाई बोलली,
मागे कुकरची शिट्टी.
"हा नंबर आता माझा आहे, दादा."
मग वेड्यासारखा दुसऱ्या नावानं लावला.
तीच. या वेळी हसली.
तिसरं नाव मी पुसून टाकलं,
बाई आपल्या गोंदियात होती तशीच, स्वयंपाक करत.
आणि सर जिथे असतील तिथे.

दोन चाळीस. मांडी घातलेल्या माणसाला उठवलं,
उरलं साधं बरोबरचं चिन्ह.
दोरी तीच, टोकाला तेरा.
"आलं जी," हेमराज म्हणाला, "तेरा आलं."

मधल्या दोनशे सहा पावत्या मात्र गेलेल्या.
पावती ही नक्कल; छापली त्या क्षणी तिची दोरी तुटते.
मूळ आकड्याला आता मी काहीही केलं
तरी कुणाच्या खिशातल्या कागदावर अकराच राहणार.
हेमराज पेनानं अकरा खोडतोय, तेरा लिहितोय,
बाजूला सही, पुढची घ्या, पुढची.
कागदाचा आवाज मला इकडे ऐकू येतो.
फोन ठेवावा असं दोघांनाही सुचत नाही.

मागून कुणीतरी विचारतो,
"कोण आहे बे लाईनवर इतक्या रातचा?"

"काटावाले सर," हेमराज म्हणतो.